दान सत्पात्री पडावे म्हणून

(सिनेगॉगच्या वर्धापनदिनानिमित्त सिंगापूर येथे भरलेल्या बेने इस्राएल कुटुंबांच्या मेळाव्यातील भाषण)



आपल्या सिनेगॉगच्या वर्धापनदिनाच्या निमित्ताने चार शब्द बोलण्याची संधी कार्यकारी मंडळाने आम्हा सिंगापूरकरांना दिली, याबद्दल प्रथम मंडळाचे मनःपूर्वक आभार मानतो. आम्ही येथे मूठभर आहोत. कोणी मुंबई-ठाण्याहून सरळ येथे आले, कोणी इस्राएलला स्थायिक होऊन तेथून नोकरीनिमित्त आले. पण एलियाहू हनावीच्या नावाने मलिद्याचे ताट मांडले की गोष्टी निघतात त्या अलिबाग, पेण, रेवदंड्याच्याच. आणि गावाकडून पत्र आले, फोन आला, की कोणाच्या तरी हातून मदत गेली नाही असे एकही घर आमच्यात नाही. तुम्हा वाचकांपैकी कोणी लोदला असाल, कोणी लंडनला, कोणी टोरांटोला. तुमच्याही घरी हेच चालते, हे आम्ही जाणतो.

म्हणून द्यावे की देऊ नये, यावर आम्ही बोलणार नाही. ते आपल्या आईवडिलांनी आपल्याला शिकवून ठेवले आहे. दिलेला पैसा कोठे जातो, त्याने कोणाचे किती दुःख हलके होते आणि त्याच पैशात अधिक भले होऊ शकले असते का, याचा विचार आज करावा असे आम्हाला वाटते. आपण सारे आता वयाने झुकलो आहोत. आपली मुले-नातवंडे आपल्याइतक्या ओढीने कोकणात पैसे पाठवतील की नाही, हे परमेश्वर जाणे. तेव्हा आपल्या हातून जे जाणार आहे, ते नीट जावे.

आपल्या धर्मात दानाला त्सेदाका म्हणतात. हा शब्द त्सेदेक, म्हणजे न्याय, या शब्दावरून आला आहे. मराठीत आपण दयाधर्म म्हणतो. दया ही देणाऱ्याच्या मनात असते, आणि ती करून त्याचे समाधान होते. न्याय मात्र घेणाऱ्याच्या पदरात काय पडले यावरून मोजावा लागतो. हा फरक लहान नाही.

आपल्या पूर्वजांनी तो ओळखला होता. निर्गमच्या पुस्तकात, पेकुदेच्या पाराशात, निवासमंडपाचा हिशेब दिला आहे. प्रत्येक पुरुषाने अर्धा शेकेल दिला, गरिबाने कमी नाही आणि श्रीमंताने जास्त नाही. मोजलेले पुरुष ६,०३,५५०. जमलेली चांदी ३,०१,७७५ शेकेल, म्हणजे १०० किक्कार आणि वर १,७७५ शेकेल. त्यातल्या १०० किक्कारांच्या १०० बैठका ओतल्या आणि उरलेल्या १,७७५ शेकेलांत खांबांच्या आकड्या व मढवणे झाले. जमा किती, कोणाकडून, खर्च कशावर, शिल्लक काय, सारे लिहून ठेवले आहे. मोशेरब्बेनूवर कोणाचा अविश्वास होता म्हणून नव्हे. तर लोकांचा पैसा हाताळणाऱ्याने विचारण्याआधीच हिशेब द्यावा, म्हणून. मिश्नेतही नियम आहे की दानाची पेटी दोघांनी मिळून गोळा करावी आणि तिघांनी मिळून वाटावी. गोळा करण्यापेक्षा वाटणे अवघड आहे, म्हणून तेथे एक माणूस जास्त.

आता आम्ही ज्या गावी राहतो तेथील गोष्ट सांगतो. सिंगापुरात यहुदी लोक आले ते बहुतेक बगदादचे, कलकत्त्यामार्गे. शहराच्या जुन्या भागात सिनेगॉग स्ट्रीट नावाचा रस्ता आजही आहे. पहिले प्रार्थनालय तेथे होते. १८७८ साली वॉटर्लू स्ट्रीटवर मागेन अबोथ सिनेगॉग उभे राहिले आणि १९०५ साली सर मनासेह मेयर यांनी ऑक्सली राइजवर खेसेद-एल बांधले. त्याच मेयर साहेबांनी रॅफल्स कॉलेजातील विज्ञान शिक्षणासाठी दीड लाख डॉलर दिले. त्यांच्या नावाची ती इमारत बुकित तिमाह येथे आहे. तेथे शिकून गेलेल्यांत यहुदी किती असतील? फारच थोडे. पण चिनी, मलय, तामिळ मुलांच्या किती पिढ्या शिकल्या! प्रार्थनेसाठी आपल्यांना आणि शिक्षणासाठी साऱ्यांना, अशी त्यांनी दोन्ही हातांनी मदत केली. पुढे स्टॉकब्रोकर जेकब बल्लास यांनीही मृत्यूपत्रात इस्राएल आणि सिंगापूर दोन्हींची आठवण ठेवली. त्यांच्या इस्टेटीतून बोटॅनिक गार्डनमध्ये मुलांची बाग झाली, ती २००७ साली खुली झाली. आमची नातवंडे सुट्टीत आली की तेथे खेळतात.

परंतु मोठ्या माणसांच्या देणग्यांवरच गरिबांनी अवलंबून राहावे, हे काही खरे नाही. जपानी अंमलात १९४३ पासून येथील यहुद्यांना तुरुंगात व छावणीत डांबले होते. युद्ध संपल्यावर लोक बाहेर आले ते कफल्लक होऊन. तेव्हा १९४६ साली ज्यूइश वेल्फेअर बोर्ड स्थापन झाले आणि डेव्हिड मार्शल त्याचे पहिले अध्यक्ष झाले. हेच मार्शल १९५५ साली सिंगापूरचे पहिले मुख्यमंत्री झाले. बोर्डामुळे मदतीला एक घर मिळाले. कोणाला काय हवे, कोण म्हातारे आहे, कोणाला काम मिळाले तर तो पायावर उभा राहील, हे एका जागी बसून पाहता येऊ लागले. गरजवंताला दारोदार फिरावे लागू नये, हीही मदतच आहे.

साऱ्या सिंगापूरने हाच धडा १९८३ साली गिरवला. त्याआधी अनाथांची संस्था वेगळी, अंधांची वेगळी, वृद्धांची वेगळी, आणि प्रत्येकीला स्वतःचे काम सोडून वर्गणीच्या मागे धावावे लागे. त्या वर्षी कम्युनिटी चेस्ट निघाली. ई पेंग लियांग तिचे पहिले अध्यक्ष. एकाने गोळा करायचे आणि गरज पाहून अनेक संस्थांना वाटायचे. निधी उभारण्याचा खर्च लॉटरी-शर्यतींच्या उत्पन्नातून टोट बोर्ड उचलते, त्यामुळे लोकांनी दिलेला डॉलर पुरा संस्थांपर्यंत पोहोचतो. आपल्या समाजात शंभर कुटुंबांना शंभर ठिकाणांहून पावती-पुस्तके येतात, त्यांनी यावर विचार करावा.

याच सिंगापूरने दुसरी बाजूही पाहिली. नॅशनल किडनी फाउंडेशन ही मूत्रपिंडाच्या रुग्णांना डायलिसिस देणारी येथील सर्वांत नामांकित संस्था. दूरदर्शनवर तिचे मोठे कार्यक्रम होत, आणि टॅक्सीवाले, आया, पेन्शनर फोन लावून पैसे देत. २००४ साली एका वर्तमानपत्राने तिच्या कारभारावर लेख लिहिला. त्यात मुख्य अधिकाऱ्याच्या स्नानगृहातील सोन्याचा मुलामा दिलेल्या नळाचाही उल्लेख होता. संस्थेने अब्रुनुकसानीचा दावा लावला. जुलै २००५ मध्ये तो कोर्टात उभा राहिला आणि दोन दिवसांत संस्थेनेच मागे घेतला, कारण उलटतपासणीत सारे बाहेर आले. मुख्य अधिकाऱ्याचा वर्षाचा पगार-बोनस सुमारे सहा लाख डॉलर, विमानप्रवास पहिल्या वर्गाने, गंगाजळी २६ कोटी डॉलरांच्या वर. आणि ही गंगाजळी फार काळ पुरणार नाही असे लोकांना सांगून वर्गणी मागणे चालूच. रुग्णांचे आकडेही फुगवलेले. नवीन मंडळ आले, लेखापरीक्षकांनी जाडजूड अहवाल दिला आणि त्या अधिकाऱ्याला पुढे शिक्षाही झाली.

या प्रकरणातून लोक एकच गोष्ट लक्षात ठेवतात, ती सोन्याच्या नळाची. आम्हाला मात्र दुसऱ्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली ही की हजारो लोकांनी त्या आठवड्यात वर्गण्या बंद केल्या. त्यांचा राग योग्य होता, पण डायलिसिसच्या खुर्चीवर बसलेल्या रुग्णाचा त्यात काय दोष? विश्वास एकदा गेला की त्याची किंमत शेवटी गरिबालाच मोजावी लागते. दुसरी गोष्ट अशी की इतकी वर्षे कोणी साधा प्रश्न विचारला नाही: मागच्या वर्षी आम्ही दिलेल्या पैशात किती रुग्णांवर उपचार झाले? कार्यक्रम सुंदर होता, रडू येत होते, म्हणून पैसे दिले. पुढे सिंगापूर सरकारने धर्मादाय संस्थांच्या कारभाराची नियमावली २००७ साली आणली. तरीही शेवटचा पहारेकरी देणगीदारच असतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळ लोक म्हणतात, ज्या संस्थेचा ऑफिसखर्च कमी ती चांगली. तसे नेहमीच नसते. एखादी संस्था फुकट काम करणाऱ्या माणसांवर चालते, एक पैसाही कचेरीवर खर्च करत नाही, आणि वाटते काय, तर ज्याला गरज नाही त्याला ब्लँकेट. दुसरी संस्था एक चांगली परिचारिका पगारावर ठेवते आणि दहा म्हाताऱ्यांची औषधे वेळेवर चालू राहतात. खर्च पाहायचा तो कामाशी ताडून.

हे काम मोजायचे कसे, याचे उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून ‘सर्च’ संस्थेचे काम चालवले. तेथे नवजात बालके फार दगावत. दवाखाना दूर, आणि बाळंतपण घरीच. त्यांनी गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना शिकवून तयार केले. बाळ श्वास घेत नसेल तर काय करायचे, ते ऊबदार कसे ठेवायचे, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि इंजेक्शन कसे द्यायचे, हे सारे त्या शिकल्या. पण बंग दांपत्याने आणखी एक गोष्ट केली. ३९ गावांत हे काम केले आणि जवळच्या ४७ गावांत न करता दोन्हीकडचे जन्म-मृत्यू मोजले. नुसते आपल्या गावात मृत्यू कमी झाले म्हणून भागत नाही. पाऊसपाणी चांगले झाले, रस्ता आला, त्यामुळेही ते कमी होऊ शकतात. तुलना केल्यावर दिसले की तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. जंतुसंसर्ग झालेल्या शंभर बाळांपैकी आधी सुमारे १७ दगावत, ती तीनपेक्षा कमी दगावू लागली. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. दर बाळामागे खर्च आला ५.३ अमेरिकन डॉलर, आणि दर १८ बाळांमागे एक जीव वाचला. गुणाकार करून पाहा: शंभर डॉलरच्या आत एक जीव! त्या काळचा आकडा आहे हे खरे, पण एका चांगल्या हॉटेलात चार माणसांचे जेवण त्याहून महाग पडते. पुढे हीच पद्धत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेली.

आणि हे वाचताना आम्हाला आपल्याच समाजातील एका थोर स्त्रीची आठवण झाली. डॉ. जेरुशा झिराड. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख, १९६६ च्या पद्मश्री. १९१३ साली आपले स्त्री मंडळ स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता, हे आपल्यापैकी पुष्कळ भगिनींना ठाऊक असेल. पण त्यांनी मुंबई शहरातील मातांच्या मृत्यूंची कारणे शोधून त्यावर अहवाल लिहिला, तो १९४१ साली प्रसिद्ध झाला, हे कमी लोकांना ठाऊक असते. बाळंतपणात बाई गेली की लोक म्हणत, देवाची इच्छा. डॉक्टरीणबाईंनी विचारले: किती गेल्या, कशाने गेल्या आणि त्यातल्या किती वाचल्या असत्या? मोजदाद करणे म्हणजे कोरडेपणा, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. ज्याला खरोखर कळवळा असतो तोच मोजतो.

उलट, न मोजता केलेल्या मदतीचे काय होते, तेही पाहा. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून जुन्या कपड्यांचे ढीग येऊन पडले. कोळ्यांच्या बायकांना निरुपयोगी असलेले कपडे रस्त्याच्या कडेला भिजत राहिले. अंशू गुप्तांच्या ‘गूंज’ संस्थेने पुढे ते गोळा करून, निवडून, कामाच्या वस्तूंत रूपांतरित केले. पाठवणाऱ्यांचे हेतू शुद्ध होते. पण त्यांनी आपले कपाट पाहिले, समोरच्याची गरज पाहिली नाही. सामान पाठवण्याची हौस आपल्यालाही आहे. पुढच्या वेळी पेटी बांधण्याआधी फोन करून विचारा: तुम्हाला काय हवे? पुष्कळदा उत्तर येईल, औषधाचे बिल भरा.

रम्बमने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. सर्वांत खालची कुरकुरत देण्याची. वरून दुसरी अशी, की देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला देणारा ठाऊक नाही. सर्वांत वरची पायरी म्हणजे एखाद्याला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन अशा रीतीने उभे करणे, की त्याला पुन्हा कोणापुढे हात पसरावा लागू नये. आपल्या समाजात ही वरची पायरी चढणारे होऊन गेले. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी सहकाऱ्यांसह १८७५ साली मुंबईत इस्राएलाइट स्कूल काढले. तेच पुढे सर एली कदूरी स्कूल झाले. त्या शाळेत शिकून आपल्यापैकी कितीजणांचे आजोबा कारकून, रेल्वेत गार्ड, डॉक्टर, शिक्षक झाले! त्या वर्षीचे दान आजही आपण खातो आहोत, असे म्हटले तरी चालेल.

आता व्यवहाराचे दोन शब्द, कारण परदेशातून देणाऱ्यांना ते माहीत असणे आवश्यक आहे. भारतात विदेशी अंशदान नियमनाचा कायदा २०१० साली आला आणि २०२० साली त्यात कडक दुरुस्त्या झाल्या. ज्याच्याकडे आता भारतीय पासपोर्ट नाही, मग त्याचा जन्म पनवेलला झालेला असो, तो कायद्याने विदेशी देणगीदार ठरतो. ओसीआय कार्ड असले तरीही. ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे विदेशी धरले जात नाहीत. विदेशी देणगी घ्यायला संस्थेची नोंदणी लागते, पैसे दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील ठरावीक खात्यात यावे लागतात, कचेरीखर्च २० टक्क्यांच्या वर चालत नाही, आणि एका संस्थेने घेतलेली विदेशी देणगी दुसरीला देता येत नाही. आपल्या कोकणातील लहान सिनेगॉगांना अशी नोंदणी मिळवणे कठीण. म्हणून सुट्टीत गेल्यावर विश्वस्तांच्या हातात नोटांचे पाकीट देण्याआधी आपला पासपोर्ट कोणता आहे ते पाहा. आपल्या उदारपणामुळे बिचाऱ्या विश्वस्तांना कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागू नयेत. नातेवाईकांना व्यक्तिगत मदत करण्यास मोकळीक आहे. २०२२ पासून वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंत ती सरकारला कळवावीही लागत नाही. सिंगापुरातही जनतेकडून परदेशासाठी वर्गणी गोळा करायला परवाना लागतो. येथील मान्यताप्राप्त संस्थांना दिलेल्या देणगीवर वाढीव करवजावट दिली जात आली आहे; ती बाहेर पाठवलेल्या पैशावर नाही. नियम बदलत असतात, म्हणून देण्यापूर्वी जाणकाराला विचारावे.

शेवटी, सर्वांत नाजूक प्रश्न. आपले आधी की परके आधी? शास्त्र सांगते की आपल्या गावचे गरीब आधी. हे आम्हाला मान्य आहे. कोकणात किंवा ठाण्यात एखादी म्हातारी मावशी एकटी राहते, मुले इस्राएलला, गुडघे चालत नाहीत; तिची विचारपूस आपण केली नाही तर जगात दुसरे कोणी करणार नाही. गडचिरोलीच्या बाळासाठी सारे जग पैसे देऊ शकते. आपल्या मावशीसाठी आपणच. पण याचा अर्थ गडचिरोलीचे बाळ आपले कोणी नव्हे, असा होत नाही. शेकडो वर्षे कोकणातल्या हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांनी आपल्याला सुखाने नांदू दिले. त्यांचे देणे आपण लागतो.

आणि संगमरवरी पाटीचे काय? पाटीला आमचा विरोध नाही. आईवडिलांचे नाव भिंतीवर पाहून कोणाला बरे वाटत नाही? पण आपल्या कित्येक सिनेगॉगांत आता पाट्या वाचायला मिन्यान जमत नाही. जेथे माणसे राहिली आहेत तेथे माणसांवर खर्च व्हावा. जेथे इमारतच राहिली आहे तेथे छप्पर गळू नये इतके जरूर करावे, कारण ती आपल्या पूर्वजांची खूण आहे. नव्या पाटीचा पैसा मात्र आईवडिलांच्या नावाने एखाद्या मुलीच्या नर्सिंगच्या फीला द्यावा. ती मुलगी ते नाव जन्मभर विसरणार नाही.

म्हणून आम्हा सिंगापूरच्या कुटुंबांच्या वतीने एक सूचना नम्रपणे मांडतो. या वर्धापनवर्षात जो निधी जमेल त्याचे तीन भाग करावेत. मोठा भाग आपल्या वृद्ध व आजारी बांधवांच्या औषधोपचारासाठी. दुसरा शिक्षण व धंद्यासाठी, शक्य तेथे बिनव्याजी कर्ज म्हणून, म्हणजे परत आलेला पैसा दुसऱ्याच्या कामी येईल. आणि तिसरा, लहान का होईना, जात-धर्म न पाहता अशा कामाला की ज्याने आपला परिणाम मोजून दाखवला आहे. गोळा करायला दोघे, वाटायला तिघे, आणि त्या तिघांत एक तरी भगिनी असावी, कारण कोणाच्या घरात चूल पेटत नाही हे बायकांना आधी कळते. घेणाऱ्यांची नावे छापू नयेत. पण किती जमले, किती वाटले, कोणत्या कामाला, आणि वर्षभराने त्याचे काय झाले, हे पुढच्या स्मरणिकेत एका पानावर छापावे. ज्या कामाने फारसे भले झाले नाही तेही लिहावे, म्हणजे पुढचा पैसा अधिक चांगल्या ठिकाणी जाईल. ही सूचना कार्यकारी मंडळाला मान्य झाली, तर पहिल्या वर्षीचा आमचा वाटा आम्ही आजच लिहून देत आहोत.

परमेश्वर आपल्या सिनेगॉगला दीर्घायुष्य देवो, आपल्या वडीलधाऱ्यांना आरोग्य देवो आणि आपल्या हातून दिलेले गरजवंतापर्यंत पोहोचवो. आमेन.